परक्या गळ्यांतला फ्रेडी : वेम्ब्ली, एप्रिल १९९२

शनिवार, १८ एप्रिल

लीड्सहून सकाळी निघालेली बस दुपारी लंडनच्या वेशीवर अडकली. ईस्टरची गर्दी होतीच, शिवाय एम-वन जिथे संपतो त्या स्टेपल्स कॉर्नरला आठवड्याभरापूर्वी, ११ तारखेला, आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचा बॉम्ब फुटला होता. त्याच्या आदल्या रात्री शहराच्या मध्यात बाल्टिक एक्स्चेंजपाशी झालेल्या स्फोटात तीन जीव गेले होते. ड्रायव्हरनं बस भलत्याच गल्ल्यांमधून नेली. व्हिक्टोरियाला उतरले तेव्हा दादा तासभर ताटकळत उभा होता. मला पाहताच त्यानं खिशावर हात आपटला. तिकिटं जागेवर होती.

ही तिकिटं त्यानं फेब्रुवारीतच काढली होती. ब्रिट अवॉर्ड्सच्या समारंभात क्वीन या इंग्लिश रॉक बँडमधल्या ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी जाहीर केलं की नोव्हेंबरात गेलेला त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी याला निरोप द्यायला २० एप्रिलला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये मैफल होणार. कोण गाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी बहात्तर हजार तिकिटं काही तासांत संपली. मी लीड्सला वस्त्रोद्योगाच्या संशोधनात बुडालेली. दादाला फोनवर एवढंच म्हणाले होते, "काहीही कर, पण दोन तिकिटं काढ." दादा माझा मावसभाऊ. पुण्यात वाढला, आता लंडनमध्ये हॅरोला राहतो. घरात भीमसेन, कुमार आणि माणिक वर्मा, त्यापलीकडे तो फारसा जात नाही. "दुसरं तिकीट कुणासाठी गं?" त्यानं विचारलं होतं. "तुझ्यासाठी."

रात्री जेवताना त्याचा पहिला प्रश्न आला. "म्हणजे गाणारा नाही, त्याची गाणी दुसऱ्यांनी म्हणायची. बरोबर? मग हे आपल्या सवाईसारखंच झालं." मी घास तोंडात तसाच धरून त्याच्याकडे पाहत राहिले. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी शिष्यांनी त्यांच्या पुण्यतिथीला पुण्यात महोत्सव सुरू केला, हे मलाही माहीत होतं. पण वेम्ब्लीचा आणि त्याचा संबंध माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. दादा पुढे म्हणाला, "तिथे कुणी बुवांची नक्कल करत नाही. भीमसेनांचा आवाज कुठे गुरूसारखा आहे? ज्याचा त्याचा गळा, आणि समोर गुरूची तसबीर."

मी वाद घातला. ख्यालात राग आधीच असतो, तो कुणा एकाचा नसतो. क्वीनची गाणी एका माणसाच्या छातीच्या मापानं शिवलेली आहेत. ती दुसऱ्याच्या अंगाला कशी बसणार? वहिनी म्हणाल्या, "उद्याचा दिवस आहे भांडायला, आता झोपा."

रविवार, १९ एप्रिल

ईस्टरमुळे दुकानं बंद, रस्ते ओस. अर्ल्स कोर्टला उतरून मी एकटीच लोगन प्लेसपर्यंत चालत गेले. उंच विटांची भिंत आणि तिच्यात एक हिरवं दार. याच गार्डन लॉजमध्ये २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला. आपल्याला एड्स झाल्याचं त्यानं आदल्याच दिवशी जगाला सांगितलं होतं. दाराशी फुलं होती, पत्रं होती, पावसात शाई फुटलेले कागद होते. मी काहीच नेलं नव्हतं. काय न्यायचं हे कळलंच नव्हतं.

माझं आजोळ वाईचं. पसरणीचा घाट चढला की पाचगणी, आणि तिथल्या सेंट पीटर्समध्ये फारुख बलसारा नावाचा झांझिबारचा पारशी मुलगा, म्हणजेच पुढचा फ्रेडी, आठव्या वर्षी शिकायला आला, तिथेच पियानो शिकला आणि शाळासोबत्यांबरोबर द हेक्टिक्स नावाचा बँड काढून बसला. लहानपणी त्या शाळेवरून आम्ही कितीदा गेलो असू. हे मला कळलं ते इंग्लंडात आल्यावर, एका मासिकातून. त्या दिवसापासून हा माणूस माझ्यासाठी परका राहिला नाही.

दाराशी तुरीनची एक मुलगी आणि हॉलंडचं एक जोडपं भेटलं. तासभर आम्ही भिंतीला टेकून वाद घालत होतो. डच गृहस्थांचं म्हणणं होतं की फ्रेडीच्या गाण्यांना कुणी हात लावू नये, क्वीनच्या उरलेल्या तिघांनी वाजवावं आणि गायला आम्ही आहोतच. तुरीनच्या मुलीनं एक नेमकी गोष्ट सांगितली : प्लेटवर, म्हणजे ध्वनिमुद्रिकेत, फ्रेडी ज्या सुरांना भिडतो त्यातले कितीतरी सूर तो स्वतः स्टेजवर खाली घ्यायचा. खरंच आहे. १९८६ च्या वेम्ब्लीच्या ध्वनिमुद्रणात ते स्वच्छ ऐकू येतं. म्हणजे उद्याच्या पाहुण्यांची गाठ स्टेजवरच्या फ्रेडीशी नव्हती, प्लेटवरच्या फ्रेडीशी होती. हे मनात ठेवूनच मी हॅरोला परतले.

सोमवार, २० एप्रिल

वेम्ब्ली पार्कला उतरलो आणि समोर ते दोन पांढरे मनोरे दिसले. वाटेत प्रत्येकाच्या छातीवर लाल फीत. दादानंही लावून घेतली आणि विचारलं, "हिचा अर्थ काय?" एड्सग्रस्तांच्या पाठिंब्याची खूण, मी सांगितलं. तो गप्प झाला आणि फीत नीट सरळ करून घेतली.

आधी क्वीनचे तिघंच आले : ब्रायन, रॉजर आणि एरवी तोंड न उघडणारा जॉन डीकन. रॉजर लोकांना म्हणाला की हवं तेवढं रडा. उन्हं अजून उतरायची होती, आणि पुढे मेटालिका.

पहिला भाग पाहुण्या बँडांचा, आपापल्या गाण्यांचा. त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर मी थांबणार नाही. मेटालिका दणदणीत वाजले, पण ते त्यांच्या स्वतःच्या मैफलीतही तसेच वाजतात. यूटू उपग्रहावरून पडद्यावर आले, आणि पडद्यावरचा माणूस शोकसभेला आल्यासारखा वाटत नाही. स्पायनल टॅप या विडंबन करणाऱ्या बँडची थट्टा त्या संध्याकाळी मला नको होती.

एक्स्ट्रीम या अमेरिकन बँडवर मात्र थांबते. ब्रायननं त्यांची ओळख प्रेमानं करून दिली होती आणि ते प्रेम का, हे पाच मिनिटांत कळलं. 'मुस्तफा'च्या त्या बांगेसारख्या आलापानं गॅरी चेरोननं सुरुवात केली. स्टेडियममधल्या निम्म्या लोकांना ते गाणं ठाऊकही नसावं. मग एकातून दुसऱ्यात शिरत क्वीनच्या गाण्यांची माळ ओवली. सगळ्यांना तोंडपाठ असलेलीच गाणी घेतली असती तरी टाळ्या पडल्या असत्या. त्यांनी कोपऱ्यातली गाणीही उचलली, म्हणजे प्लेटी मागूनपुढून ऐकल्या होत्या. नूनो बेटनकोर्टच्या गिटारमध्ये ब्रायनची वळणं होती, पण उसनी नव्हती, मुरलेली होती. दादा म्हणाला, "ही पोरं शिष्य आहेत." त्या रात्री हा शब्द त्यानं आणखी एकदाच वापरला.

मध्ये अभिनेत्री एलिझाबेथ टेलर बोलायला आली. काही जण ओरडले. तिनं त्यांना तिथल्या तिथे थांबवलं आणि एड्सबद्दल जे सांगायचं ते शेवटपर्यंत सांगितलं. गाण्याच्या आड येणारं भाषण म्हणून जे तेव्हा कंटाळले, त्यांनी संध्याकाळ कशासाठी होती हेच लक्षात घेतलं नाही, असं मला आजही वाटतं.

अंधार पडत आला आणि क्वीन उभे राहिले. मधली जागा रिकामी.

'टाय युवर मदर डाउन'ला डेफ लेपर्डचा गायक जो एलियट आणि गन्स अँड रोझेसचा गिटारवादक स्लॅश. जोरकस, आणि त्या गाण्याला जोर पुरतो. द हू बँडचा रॉजर डाल्ट्री 'आय वॉन्ट इट ऑल' गायला आला, मायक्रोफोन वायरीसकट गरगर फिरवत. ते गाणं क्वीननं फ्रेडीबरोबर कधीच स्टेजवर वाजवलं नव्हतं. शेवटचा दौरा १९८६ चा आणि गाणं १९८९ चं. त्यामुळे तुलना करायला काही नव्हतंच, आणि डाल्ट्रीच्या खरखरीत गळ्यानं ते सहज आपलं करून टाकलं. इटालियन गायक झुकेरोचं 'लास पालाब्रास दे आमोर' हळुवार होतं. मेटालिकाचा जेम्स हेटफील्ड गिटारशिवाय उभा, हातांचं काय करावं हे न सुचलेला, तरी 'स्टोन कोल्ड क्रेझी' त्यानं दाणकन पार नेलं. मेटालिकानं ते गाणं आधीच मुद्रित केलं होतं, गळ्यात बसलेलं होतं.

मग लेड झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांट. याची मी सर्वांत जास्त वाट पाहत होते. 'इन्युएन्डो' हे लेड झेपेलिनच्या 'काश्मीर'च्या वाटेनं चालणारं गाणं, म्हणजे प्लांटनं ते गावं ही कल्पना कागदावर अप्रतिम. प्रत्यक्षात शब्द निसटत होते, सूर पोहोचत नव्हते, आणि त्या गाण्याचे ताल बदलतात तिथे तो प्रत्येक वेळी अर्धी मात्रा चाचपडत होता. मला फार वाईट वाटलं. राग नाही आला, कारण हा माणूस मनापासून आला होता. पुढे 'क्रेझी लिटल थिंग'मध्ये तो मोकळा झाला, कंबर हलवत एल्विसच्या ढंगात गायला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण 'इन्युएन्डो'नं मला एक गोष्ट शिकवली. फ्रेडीनं ते गायलं तेव्हा तो आजारी होता. ज्या गाण्यानं प्लांटसारख्या धडधाकट गळ्याला घाम फोडला, ते त्या माणसानं त्या अवस्थेत गायलं. पाहुण्याच्या चुकण्यातून मूळ गायकाची उंची इतकी स्पष्ट दिसेल असं मला वाटलं नव्हतं. नंतर निघालेल्या व्हिडिओतून प्लांटच्याच इच्छेवरून ते गाणं वगळलं गेलं. मला वाटतं, ठेवायला हवं होतं.

पॉल यंगनं 'रेडिओ गा गा' गायलं म्हणण्यापेक्षा लोकांनी गायलं. बहात्तर हजार माणसांचे हात एकदम वर जाऊन टाळी पडते तेव्हा समोर कोण उभा आहे याला महत्त्व उरत नाही. दादा पहिल्या अंतऱ्यात हात खिशात घालून होता, दुसऱ्यात बाहेर काढले.

सीलचं 'हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरेव्हर' ऐकताना मला पहिल्यांदा रडू आलं. तो मोठ्यानं गायलाच नाही. मूळ गाण्यात फ्रेडी चढत चढत कळसाला नेतो, सीलनं ते जवळ बसून सांगितल्यासारखं सांगितलं. कित्येकांना ते थंड वाटलं. आमच्या मागचा एक जण तसं बोललाही. मला तेच बरोबर वाटलं. ज्या घरात माणूस गेलाय तिथे असा प्रश्न ओरडून विचारत नाहीत.

लिसा स्टॅन्सफील्ड केसांत कर्लर आणि हातात व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आली. क्वीनच्या 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री'च्या १९८४ च्या व्हिडिओत चौघं बायकांच्या वेषात होते आणि फ्रेडी मिशीसकट घर झाडत होता, त्याची ही आठवण. नुसती गंमत करून गेली असती तर मी विसरले असते. पण तेच गाणं एका बाईच्या तोंडून, हातात घरकामाचं यंत्र घेऊन ऐकलं आणि शब्दांचा अर्थच फिरला. गाणं एकही अक्षर न बदलता तिचं झालं.

आणि मग डेव्हिड बोवी आणि ॲनी लेनॉक्स.

बहुतेक जण या रात्रीचा मानकरी जॉर्ज मायकलला ठरवतात. त्याच्याबद्दल पुढे लिहितेच. पण माझ्या डायरीत त्या रात्री ठळक अक्षरात जे लिहिलंय ते 'अंडर प्रेशर' आहे. १९८१ साली माँत्रोच्या स्टुडिओत क्वीन आणि बोवी यांनी मिळून केलेलं गाणं, पण बोवी ते त्यांच्याबरोबर कधी स्टेजवर गायला नव्हता. फ्रेडी असताना जमलं नाही, तो गेल्यावर जमलं. लेनॉक्स रुपेरी पोशाखात आली, डोळ्यांवरून आडवा काळा पट्टा रंगवलेला. ती फ्रेडीच्या जागी उभी होती, पण फ्रेडी होण्याचा तिनं क्षणभरही प्रयत्न केला नाही. ते वरचे सूर तिनं बाईच्या गळ्यानं, तिच्या स्वतःच्या धारेनं घेतले. बोवी शांत, तोलून मापून, खालच्या पट्टीत. ती भाजल्यासारखी. शेवटाकडे ती त्याला बिलगली आणि डोळे मिटून राहिली. ते ठरवलेलं होतं की नव्हतं, मला त्यानं फरक पडत नाही. दादा माझा दंड धरून म्हणाला, "ही शिष्या नाही. ही बरोबरीची आहे." माझ्या शनिवारच्या वादाला तिथे उत्तर मिळालं. मापं घेऊन शिवलेलं वस्त्र दुसऱ्याच्या अंगाला बसत नाही, हे माझं म्हणणं खरंच होतं. पण लेनॉक्सनं ते अंगावर चढवलंच नाही. तिनं तेच सूत घेतलं आणि आपलं नवं विणलं.

बोवीनं मग आपला जुना गिटारवादक मिक रॉनसनला बोलावलं. 'ऑल द यंग ड्यूड्स' आणि 'हीरोज'. रॉनसन कर्करोगानं आजारी होता हे पुढे कळलं. वर्षभरानं, एप्रिल १९९३ मध्ये, तोही गेला. 'हीरोज' संपल्यावर बोवी गुडघे टेकून ख्रिस्ती प्रार्थना म्हणू लागला. स्टेडियम एकदम गप्प झालं. आजूबाजूच्या इंग्रजांना अवघडल्यासारखं झालेलं मी पाहिलं. दादानं हात जोडले.

जॉर्ज मायकलनं सुरुवात '३९' या गाण्यानं केली. ते मुळात ब्रायननं गायलेलं, म्हणजे पहिल्याच घासाला त्यानं फ्रेडीची तुलना टाळली. हा शहाणपणा होता. मग लिसा स्टॅन्सफील्डबरोबर 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज', फ्रेडी ज्याच्या व्हिडिओत शेवटचा दिसला ते गाणं. आणि त्यानंतर, गॉस्पेलच्या गायकवृंदासह, 'समबडी टू लव्ह'.

इथे तुलना टाळता येणार नव्हती आणि त्यानं टाळली नाही. सगळ्या पाहुण्यांत तो एकटा असा होता की ज्यानं फ्रेडीचीच वाट धरली, त्याच वळणांनी गेला आणि शेवटपर्यंत पोहोचला. सूर नुसते लागले नाहीत, त्यांच्यात याचना होती. गायकवृंद एकच ओळ पुन्हा पुन्हा घेत वर चढवत होता आणि तो लोकांकडून ती म्हणवून घेत होता. शेवटचा लांब सूर त्यानं टाकला तेव्हा मी आणि शेजारची अनोळखी बाई एकमेकींच्या गळ्यात पडलो होतो. लेनॉक्सला मी वरचं पान दिलं तरी हे कबूल करते : त्या रात्री एका माणसात क्वीनचा गायक व्हायची ताकद दिसली आणि तो हा होता. त्याचा जोडीदार तेव्हा एचआयव्हीनं आजारी होता, हे त्यानं पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. ती याचना कुठून आली हे तेव्हा आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. १९९३ मध्ये त्याची या रात्रीची ही शेवटची दोन गाणी 'फाइव्ह लाइव्ह' नावाच्या तबकडीत निघाली आणि ती इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली. ती तबकडी मी दोनदा झिजवली.

'बोहेमियन रॅप्सडी'बद्दल माझ्या मनात तेव्हाही गुंता होता, आजही आहे. पहिला भाग एल्टन जॉननं, जड आवाजात, जिवलग मित्राच्या दुःखानं गायला. मधला ऑपेराचा भाग क्वीन नेहमी करत तसाच टेपवर. आणि मग किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा घागरा, नेसलेला गन्स अँड रोझेसचा गायक ॲक्सल रोझ धावत आला. त्याच्या १९८८ च्या एका गाण्यात समलिंगी माणसांबद्दल अत्यंत वाईट शब्द होते, आणि त्याला या मैफलीत घेतल्याबद्दल एड्सग्रस्तांसाठी लढणाऱ्यांनी आधीच निषेध केला होता. मलाही ते पटलं नव्हतं. पण तो रॉकचा तुकडा त्यानं जीव ओतून गायला, आणि शेवटी एल्टन आणि तो एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे राहिले. त्या मिठीनं ते शब्द पुसले गेले असं मी म्हणणार नाही. फ्रेडीसाठी त्याला तिथे यावंसं वाटलं, एवढं मात्र मी पाहिलं. 'वुई विल रॉक यू'मध्ये तो पुन्हा आला, नुसताच पळत सुटला, त्यात मला काही मिळालं नाही.

'द शो मस्ट गो ऑन' एल्टननं गायलं, ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीच्या गिटारसह. हेही गाणं लोकांसमोर प्रथमच. एल्टनचा गळा त्या उंचीला जाऊन फाटतो की काय असं वाटत होतं, आणि त्या गाण्याला तसंच वाटायला हवं.

शेवटी लायझा मिनेली. "ही कोण आता?" दादानं विचारलं. रॉकवाल्यांच्या त्या गर्दीत नाटकातली बाई काय करतेय, असं बऱ्याच जणांना वाटलं असेल. पण फ्रेडीनं स्टेजवर उभं कसं राहायचं हे निम्मं तिच्याकडूनच घेतलं होतं. तिची त्याला फार ओढ होती. 'वुई आर द चॅम्पियन्स' तिनं बेधडक, ब्रॉडवेच्या झोकात गायलं. सूर इकडेतिकडे झाले. मागे सगळे पाहुणे हातात हात घालून. गुरूच्या पुण्यतिथीला गुरूच्या आवडीच्या गायिकेनं भैरवी म्हणावी, तसं ते होतं. इतरांना चुकीचं वाटलं तरी मला ते अगदी जागच्या जागी वाटलं.

ट्यूबमध्ये चेंगरून परत येताना कुणी तरी डब्यात 'रेडिओ गा गा' सुरू केलं. टाळी वाजवायला हात वर करायलाही जागा नव्हती, म्हणून सगळ्यांनी पाय आपटले.

मंगळवार, २१ एप्रिल

वहिनींनी डबा दिला. व्हिक्टोरियाला बस सुटायला दहा मिनिटं होती. दादा रात्रभर झोपला नसावा, डोळे लाल होते. म्हणाला, "अगं, ते काल त्या काळ्या पट्टीवाल्या बाईनं म्हटलं ते, त्याची कॅसेट मिळेल?"

"मिळेल, पण ती त्यात नाही. त्यात फ्रेडी आहे."

"मग तर पाहिजेच," तो म्हणाला. "मूळ चीज ऐकायला नको?"

लीड्सला पोहोचल्यावर त्याच रात्री नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घेतली. पहिल्या बाजूला सुरुवात 'अंडर प्रेशर'नं केली, मग 'समबडी टू लव्ह', मग 'इन्युएन्डो' संपूर्ण, साडेसहा मिनिटं. दुसऱ्या बाजूला 'मुस्तफा'. वेष्टणावर गाण्यांची नावं मराठीत लिहिली आणि सकाळी हॅरोच्या पत्त्यावर पोस्टात टाकली.